रेघ मध्येच वाकते

४ मार्च, सोमवार

ही वही वन्संनी आणून दिली. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. हे गेल्यापासून आम्ही दोघीच एका घरात आहोत. त्या म्हणाल्या, "कुठल्या घरी कुठल्या टीव्हीला काय केलंस ते लिहून ठेव. सहा महिन्यांनी कुणी फोन केला तर डोकं खाजवत बसशील."

तर लिहिते. एकतीस वर्षं टीव्हीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काढली. गेल्या वर्षी ते बंद झालं. मग पडद्याचे रंग मोजायचा मीटर विकत घेतला आणि घरोघरी जाऊन टीव्हीचं चित्र जुळवून द्यायचं काम सुरू केलं. लोकांना आधी हसू येतं. टीव्ही लावला की दिसतो, त्यात जुळवायचं काय? पण दुकानातून येताना तो दुकानासारखाच भडक असतो. माणसं उन्हात भाजल्यासारखी, गवत रंगवल्यासारखं, काळ्या कोटाला घडी नाही की शिवण नाही. मी पडद्यावर मीटर लावते, पांढऱ्याला पांढरं करते, काळ्यातल्या घड्या परत आणते. पहिल्या दिवशी लोक म्हणतात, फिकं वाटतंय हो. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून दाखवतात.

आज एका शिक्षकांच्या घरी नवा मोठा सेट होता. शेवटी सवयीप्रमाणे चौकटींचा पॅटर्न लावला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या उभ्याआडव्या रेघा, बस्स. मधली आडवी रेघ वाकलेली दिसली. दोरीवर ओला टॉवेल टाकला की दोरी जशी झोल खाते, तशी.

जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत असं व्हायचं. मागे स्क्रू होते, ते पिळून आम्ही रेघा सरळ करायचो. या सपाट पडद्यात रेघ वाकायला जागाच नाही.

शिक्षकांना काही बोलले नाही. पॅटर्नच्या फाइलमध्ये दोष असणार.

६ मार्च, बुधवार

फाइल पुसून नव्याने बनवली. घरच्या टीव्हीवर लावली. मधली रेघ वाकलेलीच.

वन्संना हाक मारली. वन्संनी चाळीस वर्षं शिवणकाम केलंय. पडद्याचं कापड नुसतं हातात धरून तिरकं कापलंय की नाही सांगतात. विचारलं, "वन्सं, ही मधली रेघ सरळ आहे का हो?"

"फुटपट्टीसारखी. का?"

"काही नाही. सहज."

"सहज कोण रेघा बघतं? मालिका लाव की," म्हणाल्या. पण गेल्या नाहीत. रेघेपेक्षा माझ्याच तोंडाकडे जास्त वेळ बघत राहिल्या. त्यांना म्हातारपणी असं टक लावून बघायची सवय लागली आहे.

चष्म्याचा नंबर वाढला असेल. अठ्ठावन्न वय म्हणजे वाढायचाच.

७ मार्च, गुरुवार

न्हाणीघरातल्या फरशांमधल्या रेघाही वाकतात. समोरच्या इमारतीच्या खिडकीचे गजही. मी नजर हलवली की झोल माझ्याबरोबर सरकतो.

एक डोळा झाकून बघितलं तर कळेल कुठल्या डोळ्यात आहे. हात वर नेला आणि केस मागे सारून खाली आणला. धीर झाला नाही.

११ मार्च, सोमवार

तीन दिवस काम नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. खरं कारण ते नाही. वही उघडली की हेच लिहावं लागतं.

वन्संचं काही खरं दिसत नाही. काल त्यांनी जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली. "मला कडा दिसत नाहीत," म्हणाल्या. जिन्यातला दिवाही बदलून मोठा लावला. आज बाजारात जाताना माझा हात धरून चालल्या, तोही उजवाच. मी बाजू बदलायला गेले तर फिरून परत उजवीकडे आल्या. चौकात सायकल अंगावर आली, तेव्हा मला मागे ओढलं आणि वर मलाच म्हणाल्या, "माझा तोल गेला गं." सहासष्ट म्हणजे फार नाही, पण शरीर आहे. त्यांना एकदा डॉक्टरकडे न्यायला हवं.

आता म्हणतात, कामावरही तुझ्याबरोबर येते, घरी बसून कंटाळा येतो. चाळीस वर्षं एका खुर्चीत बसलेल्या बाईला एकाएकी कंटाळा!

ही वही मी कपाटात उशांच्या खाली ठेवते. आज ती वर होती. माझंच लक्ष नसेल.

१३ मार्च, बुधवार

आजचं सगळं लिहायला हवं.

निवृत्त बसड्रायव्हर. त्यांच्या सुनेने बोलावलं होतं. वन्सं बरोबर होत्याच, मीटरची बॅग खांद्याला लावून. घर तिसऱ्या मजल्यावर, दोनच खोल्या, आणि भिंतभर टीव्ही. ड्रायव्हर खुर्चीत बसले होते. टीव्ही चालू होता आणि त्यांचं तोंड दाराकडे.

"या," म्हणाले. "मी तुमच्याकडे बघत नाही असं वाटेल. पण बघतोय. कडेने बघतो. मधलं गेलं."

मी विचारलं, "मधलं म्हणजे?"

"डोळ्यासमोर कुणी अंगठा धरलाय असं समजा. जिकडे बघावं तिकडे अंगठा. बातम्या देणारी बाई आहे ना, तिला केस आहेत, खांदे आहेत, चेहराच नाही. तिला जरा चेहरा लावून द्या."

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, त्या टीव्हीवाल्या आहेत, देव नाहीत." ते हसले. मला हसता आलं नाही.

मी मीटर काढलाच नाही. मीटर निरोगी डोळ्यासाठी असतो. खुर्ची पडद्याच्या इतकी जवळ ओढली की त्यांचे गुडघे टेबलाला टेकले. कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत वर नेला, रंग भडक केले, कडा अक्षरांसारख्या ठळक केल्या. खालची अक्षरं सगळ्यात मोठी केली. एकतीस वर्षं लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं ते सगळं केलं. ते पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे तोंड करून बसले आणि एकदम म्हणाले, "तिने लाल घातलंय. दात दिसले! हसली ती."

सून दारात येऊन उभी राहिली.

मी बॅग आवरायला लागले तेव्हा ते म्हणाले, "बाई, एक विचारू? तुम्ही मान वाकडी करून बघता."

"अवघडलीय. झोपेत."

"मीही हेच सांगायचो. नवी उशी आणली म्हणायचो." आवाज खाली आणला त्यांनी. "रस्त्याच्या मधली पांढरी रेघ वाकायला लागली, तेव्हाच कळलं होतं मला. तीन महिने कुणाला सांगितलं नाही. नोकरी जाईल म्हणून. चाळीस-पन्नास माणसं मागे बसलेली असायची. एके दिवशी एक बाई रस्ता ओलांडत होती, ती मला दिसलीच नाही. कंडक्टर ओरडला म्हणून ब्रेक मारला. बाई वाचली. मी गाडी तिथेच रस्त्यात सोडून खाली उतरलो, तो परत चढलो नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्या आठवड्यात आला असतात तर."

ते परत पडद्याच्या कोपऱ्याकडे वळले.

मी म्हटलं, "माझी मानच अवघडलीय हो."

"असेल," ते म्हणाले.

जिना उतरताना वन्संनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले. त्या घाबरल्या असतील त्यांचं ऐकून.

१४ मार्च, गुरुवार

केलं. सकाळी, वन्सं भाजी आणायला गेल्यावर.

आधी उजवा झाकला. डाव्याने सगळं सरळ. दाराची चौकट, कॅलेंडरमधले चौकोन, सगळं. इतकं बरं वाटलं की खुर्चीत बसून घेतलं.

मग डावा झाकला.

समोर भिंतीवर ह्यांचा फोटो आहे. शर्टाची कॉलर दिसली. एक कान दिसला. वरचे केस दिसले. मधे ओला बोळा फिरवल्यासारखं करडं. मी नजर कानावर नेली तर कान गेला. कॉलरवर नेली तर कॉलर गेली. जे बघायला जावं तेच जातं.

दोन डोळे उघडे असले की डावा सांभाळून घेतो. किती दिवस सांभाळतोय कोण जाणे.

अक्षर बघा कसं आलंय.

१५ मार्च, शुक्रवार

ठरवलं. सोमवार-मंगळवार हॉटेलचं काम आहे. नवीन हॉटेल, बारा खोल्या, बारा सेट. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालंय. ते झालं की डॉक्टर. आत्ता गेले आणि त्यांनी "काम बंद" म्हटलं तर? डोळा गेलेल्या बाईकडून चित्र कोण जुळवून घेईल? आंधळ्या शिंप्याकडे कुणी कापड देत नाही.

चारच दिवसांचा प्रश्न आहे.

ड्रायव्हरनेही असंच दिवस मोजले असतील. हे वाक्य खोडणार होते, राहू दे.

वन्सं दुपारभर फोनवर होत्या, दार लावून. विचारलं तर म्हणाल्या, "शिलाई मशीनवाल्याला फोन करत होते." मशीन तर दोन वर्षांपूर्वीच विकली.

१८ मार्च, सोमवार

हॉटेल. पहिला सेट मीटर लावून नीट जुळवला. अडीच तास लागले. लॅपटॉपवरचे आकडे वाचायला डोकं डावीकडे, मग उजवीकडे, कोंबडीसारखं. आकडे वहीत उतरवले, लॅपटॉपवर असतात तसे इंग्रजीतच. बाराही सेट एकाच बनावटीचे, तेव्हा बाकीच्यांना तेच आकडे घालायचे.

खरं तर प्रत्येक सेट वेगळा तपासायला हवा, दोन सारख्या सेटमध्येही फरक असतो. मी सर्व्हिस सेंटरमध्ये नवीन मुलींना हेच शिकवायचे. पण मीटर लावला की आकडे वाचावे लागतात, आणि आकड्यांची मला भीती बसली आहे. ओळीतल्या मधल्या आकड्याकडे बघितलं की तो विरघळतो.

वन्सं म्हणाल्या, "मी वाचून दाखवू?" मी खेकसले, "तुम्हाला यातलं काय कळतंय?" त्यांनी बॅगेतल्या वायरी गुंडाळायला घेतल्या. मी त्यांच्याशी कधी असं बोलत नाही.

१९ मार्च, मंगळवार

बाराही झाले. मॅनेजरबाईंनी सही केली. घरी येऊन अंथरुणावर पडले, जेवले नाही.

२० मार्च, बुधवार

सकाळी नऊला मॅनेजरबाईंचा फोन. "सगळ्यांचे चेहरे गुलाबी दिसतायत. पाहुणे विचारतात, टीव्हीला ताप आलाय का. दोन नंबरच्या खोलीपासून पुढे सगळे. एक नंबरचा तेवढा बरा आहे."

वही काढली. हिरव्याच्या पुढे मी लिहिलेला आकडा बघितला. उणे आठ. तसाच अकरा सेटना घातला होता. हिरवा इतका कमी केला की चेहरे गुलाबी पडणारच. मग डावा डोळा लावून, वही नाकाशी नेऊन बघितलं. उणे तीन. माझ्याच हाताने लिहिलेला, स्वच्छ, तीन.

माझा आकडा मलाच वाचता आला नाही.

मॅनेजरबाईंना सांगितलं की मशीनमध्ये गडबड झाली असेल, येऊन बघते. फोन ठेवला. मीटरची मशीन कोपऱ्यात बॅगेत गपचूप पडलेली. तिच्यावर आळ घेतला.

वन्सं दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "उद्या सकाळी दहाला तयार रहा. बाहेर जायचंय."

"कुठे?"

"मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. एकटीने जायची भीती वाटते. येशील ना?"

बरं म्हटलं. त्यांच्या निमित्ताने मीही विचारून घेईन, सहज म्हणून.

२१ मार्च, गुरुवार

डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीने माझं नाव पुकारलं. वन्संचं नाही.

मी म्हटलं, "चूक झालीय, पेशंट ह्या आहेत."

वन्सं उठल्या नाहीत. पर्स मांडीवर धरून सरळ समोर बघत म्हणाल्या, "चूक नाही. जा."

तिथे भांडता येईना. गेले. डोळ्यांत थेंब टाकले, हनुवटी टेकवून फोटो काढले, मग एक चौकटींचा कागद हातात दिला, मधे ठिपका. तोच पॅटर्न. फक्त कागदावर. मला रडू फुटलं. डॉक्टर तिशीची मुलगी, तिने टिपकागद पुढे केला आणि थांबली.

तिने संगणकावर फोटो दाखवला. "हा तुमच्या डोळ्याचा पडदा. याच्या मागे नको असलेल्या रक्तवाहिन्या वाढल्यात आणि त्या पाझरतायत. म्हणून मधला भाग उचलला गेलाय, म्हणून रेघा वाकतात. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. उद्याच. मग दर महिन्याला एक, निदान तीन. पाझर थांबवता येतो. गेलेलं किती परत येईल ते आज सांगता येत नाही. त्रास कधीपासून आहे?"

"चार-पाच दिवस," मी म्हटलं.

"चार मार्चपासून," वन्सं मागून म्हणाल्या. कधी आत आल्या कळलंच नाही. "आज सतरा दिवस झाले. सहा तारखेला घरी, सात तारखेला न्हाणीघरात. चौदाला डोळा झाकून बघितलंन."

डॉक्टरने सतरा लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही माझी वही वाचता."

"वाचते."

"लाज नाही वाटत?"

"वाटते. पण पंधरा तारखेला फोन केला तेव्हा आजच्याआधी वेळ मिळेना. रोज दोनदा फोन केला. लाजत बसले असते तर आणखी महिना गेला असता."

रिक्षात मी डावीकडे बाहेर बघत बसले. त्या उजवीकडेच बसल्या होत्या.

आता लिहितेय ते त्या वाचणार, हे माहीत असून लिहितेय. वन्सं, मला भयंकर भीती वाटते. सुई डोळ्यात. जागेपणी. वाचा.

२२ मार्च, शुक्रवार

हिच्या डोळ्याला सकाळपर्यंत पट्टी आहे म्हणून मी लिहिते. माझं शिक्षण सातवी. शुद्धलेखन कुणी काढू नये.

अकरा वाजता आत नेली. मला बाहेर बसवली. मी दाराच्या काचेतून बघत होते तर नर्सने पडदा ओढला. दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांत मी दवाखान्याच्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या, एकही लक्षात नाही.

बाहेर आली तेव्हा पांढरीफटक. म्हणाली, सुई दिसत नाही, औषध आत येताना दिसतं, पाण्यात शाई सोडल्यासारखं. मग माझ्या अंगावर ओकली. साडी नवी होती. असो.

घरी आणून निजवली. झोपली आहे.

तिने लिहिलंय, मी म्हातारी झाले म्हणून हात धरते. वाचून हसले आणि मग रागही आला. पट्ट्या मी तिच्यासाठी लावल्या. ती दोनदा पायरी चुकली होती, तीही उजव्या बाजूने, तिला ते आठवतसुद्धा नाही. सहा तारखेला तिने फुटपट्टीसारखी रेघ सरळ आहे का विचारलं तेव्हाच मला कळलं. सरळ विचारलं असतं तर म्हणाली असती, काही नाही. तिला विचारून उपयोग नसतो. माझा भाऊही तसाच होता. छातीत दुखायचं आणि म्हणायचा, गॅस झालाय. मी आणि ही, दोघी त्याला ओव्याचं पाणी देत बसलो. तो गेला तेव्हा ठरवलं होतं की या घरात पुढच्या वेळी कुणी काही नाही म्हणालं तर ऐकायचं नाही.

मलाही भीती वाटते. ती माझ्याआधी गेली तर मी कुणाकडे बघून चालू? हे तिने वाचलं तरी चालेल.

आता मी वही वाचणार नाही. शप्पथ नाही घालत, प्रयत्न करीन.

२४ मार्च, रविवार

काल सकाळी पट्टी काढली. डोळा टोमॅटोसारखा लाल. आत एक काळा बुडबुडा तरंगत होता, दुपारी फुटून दोन झाले, आता नाही. डॉक्टरने सांगितलं होतं तसंच झालं, तरी प्रत्येक वेळी मी वन्संना हाक मारली.

वन्संनी लिहिलेलं पान वाचलं. तीनदा वाचलं. पायरी चुकल्याचं मला खरंच आठवत नाही. त्यांना चहा करून दिला. त्यांनी साखर कमी आहे म्हणून परत पाठवला.

२७ मार्च, बुधवार

हॉटेलमध्ये गेलो. मॅनेजरबाई काउंटरवर होत्या. मी येताना रिक्षात वाक्यं पाठ केली होती, ती सगळी विसरले. म्हटलं, "मशीनची चूक नव्हती. माझा उजवा डोळा गेलाय, मला तीनचा आठ दिसला. आणि मी बाकीचे सेट तपासले नाहीत, कारण आकडे वाचायला घाबरत होते. आज अकराही सेट पुन्हा करते. आकडे ह्या वाचतील."

मॅनेजरबाईंनी वन्संकडे बघितलं. वन्सं चष्मा पुसत होत्या.

"यांना येतं का?"

"मला इंच आणि सूत येतं," वन्सं म्हणाल्या. "आकडे सगळीकडे सारखेच असतात."

सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलो. वन्सं आकडा मोठ्याने वाचायच्या, मी बटण दाबायचे, त्या पुन्हा वाचायच्या. एकदा मी घाईने पुढे गेले तर म्हणाल्या, "थांब. टाका सुटला." चार नंबरच्या सेटला उणे तीन चाललंच नाही, उणे पाच लागलं. म्हणजे वाचण्यात चूक झाली नसती तरी तो सेट बिघडलाच असता. हे मला फार लागलं. ती चूक डोळ्याची नव्हती.

मॅनेजरबाईंनी पुन्हा सही केली. पुढच्या मजल्याचं काम देणार होत्या, त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

एक फोन आला होता, मोठं घर, सिनेमासाठी वेगळी खोली. आधीच सांगून टाकलं डोळ्याचं. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "अच्छा. मग कळवतो." कळवणार नाहीत ते.

रोज सकाळी उठल्यावर आधी डावा झाकते, मग उजवा. आता डाव्याचीच जास्त भीती. डॉक्टरने सांगितलंय, दुसऱ्या डोळ्यातही होऊ शकतं, दिसलं की त्याच दिवशी या. उजव्यात झोल थोडा कमी वाटतो. की मला तसं वाटायला हवंय? डाव्याने बघताना श्वास धरून ठेवते. सरळ दिसलं की सोडते. दिवसातली ती पाच सेकंदं संपली की बाकी दिवस माझा.

१९ एप्रिल, शुक्रवार

दुसरं इंजेक्शन. पहिल्यापेक्षा जास्त घाबरले, कारण आता माहीत होतं. ओकले नाही. वन्सं जुनी साडी नेसून आल्या होत्या.

१७ मे, शुक्रवार

आज तिसरं. फोटो काढला. पाझर थांबलाय. मधोमध एक डाग पडलाय, तो राहणार. डॉक्टर म्हणाली, अक्षरांच्या तक्त्यावरच्या चार ओळी जास्त वाचल्यात तुम्ही, पहिल्या दिवसापेक्षा. आधी आला असतात तर, असं ती म्हणाली नाही. मी वाट बघत होते म्हणेल म्हणून.

इंजेक्शनच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही तिघं. मी, वन्सं, आणि एक धिप्पाड गृहस्थ. पन्नाशीचे असतील. हात बघून सुतार वाटले, बोटांना लाकडाचा रंग चढलेला. शर्ट पाठीला चिकटला होता. ते दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "दुखतं का हो?"

नाही म्हणायला तोंड उघडलं. सगळ्यांना तेच सांगतात. मलाही नर्सने तेच सांगितलं होतं.

म्हटलं, "टोचतं. दाबल्यासारखं होतं. नंतर रात्रभर वाळू गेल्यासारखं खुपतं."

ते बाकावर बसले. "तुमचं पहिलंच?"

"तिसरं."

"मग आता भीती नसेल वाटत."

"सकाळपासून पोटात अन्न ठरलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून नीट बघितलं. मान किंचित डावीकडे करून. "तिसऱ्यांदासुद्धा?"

"तिसऱ्यांदासुद्धा."

"मी रंधा मारतो," ते म्हणाले. "फळी डोळ्यासमोर धरून बघतो सरळ झाली का. गेला महिनाभर एकही सरळ होईना. पोरांना शिव्या घातल्या. लाकूडवाल्याशी भांडलो." मग म्हणाले, "घरी कुणाला माहीत नाही मी इथे आलोय."

वन्सं इतका वेळ भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं झोपल्या. डोळे न उघडता म्हणाल्या, "घरचा फोन नंबर सांगा."

"अहो, नको उगाच..."

"सांगा. पाठ असेल ना? की वाचावा लागतो?"

त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यांनी नंबर सांगितला. वन्संनी पर्समधून फोन काढला, एकेक आकडा मोठ्याने म्हणत लावला. पलीकडे कुणी बाई बोलली. वन्संनी दवाखान्याचा पत्ता सांगितला, "घाबरू नका, पण या," म्हणाल्या आणि फोन त्यांच्या कानाला लावून दिला.

नर्सने माझा नंबर पुकारला. मी उठले. सुतार फोनवर बोलत होते, "हो गं, हो, मीच... नाही, काही नाही म्हणत नाही... ये तू."

मी आत गेले. पाठीवर झोपले. नर्सने चेहऱ्यावर कापड टाकलं, उजव्या डोळ्यापुरतं भोक ठेवलं. डॉक्टर म्हणाली, "वर बघा." मी वर बघितलं.